इन्सुलिनचे पहिले साक्षीदार

वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधकांच्या नांवांनीं सांगितला जातो. अमुक सालीं अमुक पंडितानें अमुक द्रव्य शोधून काढलें, त्याला मोठें पारितोषिक मिळालें आणि मानवजातीवरचें एक संकट टळलें, असा त्या कथेचा ठराविक घाट असतो. ही कथा खोटी नव्हे. परंतु ती अपुरी आहे. औषध प्रयोगशाळेंतून बाहेर पडून रोग्याच्या अंगांत शिरलें म्हणजे शोधकाचें काम बव्हंशीं संपतें, आणि तेथून पुढें दुसऱ्याच एका मनुष्याचें काम सुरू होतें. तो मनुष्य म्हणजे स्वतः रोगी. औषध घेतल्यावर काय वाटतें, तें कोठें तारतें आणि कोठें दगा देतें, त्याच्यासह संसार कसा करावयाचा, हें त्याच्यावांचून कोणालाच ठाऊक नसतें. आणि त्यानें तें बोलून दाखविलें तरच दुसऱ्याच्या उपयोगी पडतें. ज्या औषधांना हॉर्मोन म्हणतात त्यांच्या बाबतींत तर हें विशेष खरें आहे, आणि त्यांतही मधुमेहावरील इन्सुलिनचा इतिहास या दृष्टीनें फार बोलका आहे.

शरीरांत कांहीं ग्रंथि अशा आहेत कीं, त्यांचा रस नळीवाटे न वाहतां थेट रक्तांत मिसळतो आणि दूरच्या अवयवांना जणूं आज्ञा पोंचवितो. या रसांना हॉर्मोन हें नांव इंग्रज शास्त्रज्ञ स्टार्लिंग यानें १९०५ सालीं रूढ केलें. पण ग्रंथि निकामी झाली तर तिचा रस बाहेरून पुरवावा, ही कल्पना त्याहून जुनी आहे. १८८९ सालीं ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञानें पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें एक विलक्षण निवेदन केलें. प्राण्यांच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःस टोचून घेतला, आणि गेलेली शक्ति व बुद्धीची तरतरी पुन्हां परत आली, असें त्यानें सांगितलें. पाहतां पाहतां असले अर्क विकणाऱ्यांचा बाजार भरला. परंतु त्या अर्कांत अपेक्षित द्रव्य जवळजवळ नव्हतेंच. म्हाताऱ्याच्या अंगांत जें संचारलें होतें तें औषध नसून आशा होती.

दोनच वर्षांनीं, १८९१ सालीं, इंग्लंडमधील न्यूकॅसल येथें मरे नांवाच्या तरुण डॉक्टरानें दुसरा प्रयोग केला. शेहेचाळीस वर्षांची एक स्त्री गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि निकामी झाल्यामुळें खंगत चालली होती. तिचा चेहरा सुजला होता, वाणी जड झाली होती, कातडी कोरडी पडली होती, आणि सदा थंडी वाजे. मरेनें तिला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचण्यास आरंभ केला. कांहीं आठवड्यांतच ती बाई बोलूं चालूं लागली. पुढें हा अर्क पोटांत घेऊनही चालतो असें आढळलें, आणि त्या आधारावर ती आणखी अठ्ठावीस वर्षें जगून १९१९ सालीं चौऱ्याहत्तराव्या वर्षीं वारली. तेवढ्या अवधींत आठशें सत्तरांहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि तिच्या औषधासाठीं खर्ची पडल्या होत्या. या दोन साक्षींतील अंतर ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पहिली साक्ष एकाची होती व ती त्याच्या मनापुरती होती. दुसरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना डोळ्यांनीं दिसणारी होती, आणि दुसऱ्या रोग्यांवर ताडून पाहतां येणारी होती. हॉर्मोनच्या उपचारांत रोग्याचा शब्द मोलाचा खरा, पण त्याला मोजमापाची जोड हवी, हा धडा असा आरंभींच मिळाला होता.

मधुमेहाची गोष्ट थायरॉइडहून पुष्कळच कठीण होती. हा रोग फार प्राचीन आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात ही खूण चरकसंहितेंत नमूद आहे; आणि जन्मतः येणारा प्रमेह वेगळा व अपथ्यानें जडणारा वेगळा, हा भेद सुश्रुतानें केलेला आहे. परंतु शरीरांत नेमकें काय बिघडतें याचा पत्ता लागावयास १८८९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं स्ट्रासबुर्ग येथें मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, आणि त्याला तीव्र मधुमेह झाला. या स्वादुपिंडांत पेशींचीं लहान लहान बेटें असतात. तीं लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्यानें १८६९ सालींच पाहून ठेवलीं होतीं. त्या बेटांतून कांहींतरी रस रक्तांत जात असावा, हा तर्क पक्का होत गेला. तो रस मात्र कोणाच्या हातीं लागेना.

तोंवर डॉक्टरांपाशीं एकच उपाय होता, आणि तो म्हणजे उपास. अमेरिकेंत फ्रेडरिक ॲलन या वैद्यानें ही पद्धत अत्यंत कडकपणें चालविली. अन्न इतकें तोडावयाचें कीं, लघवींतून साखर जाणेंच थांबावें. भाज्यासुद्धां तीन तीन वेळां उकळून त्यांचें सत्त्व काढून टाकीत. या उपायानें मुलांचें मरण एक-दोन वर्षें लांबत असे. पण तें जगणें म्हणजे सांगाडा होऊन जगणें होतें. ॲलनच्या नोंदींत बारा वर्षांच्या एका मुलाची हकीकत आहे. त्याला मधुमेहानें अंधत्व आलें होतें. इतका कडक उपास चालू असूनही त्याच्या लघवींत साखर दिसे, आणि ती कोठून येते हें डॉक्टरांना उमगत नसे. अखेर पुष्कळ दिवस नाकारल्यावर मुलानें कबूल केलें कीं, पाळलेल्या पक्ष्याच्या पिंजऱ्यांतले दाणे आणि दांत घासण्याची पेस्ट तो चोरून खात होता. पुढें तो मुलगा उपासमारीनेंच गेला. त्या काळीं रोगी आणि वैद्य यांच्यामध्यें कसा पडदा होता, हें या एका हकीकतीवरून कळून येतें. रोग्यानें खरें बोलावें तर त्याचा घांस जाणार, आणि खोटें बोलावें तर प्राण जाणार.

१९२१ च्या उन्हाळ्यांत कॅनडामधील टोरोंटो येथें प्रोफेसर मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेंत फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शस्त्रवैद्य व चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी यांनीं कुत्र्यांवर प्रयोग चालविले. वर्षअखेरीस कॉलिप नांवाचा रसायनज्ञ त्यांना येऊन मिळाला. ११ जानेवारी १९२२ रोजीं टोरोंटोच्या सार्वजनिक रुग्णालयांत लिओनार्ड थॉम्प्सन या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पहिला अर्क टोचण्यांत आला. त्याचें वजन अवघें ६५ पौंड, म्हणजे एकोणतीस-तीस किलो, उरलें होतें. तो अर्क अशुद्ध होता. साखर थोडी उतरली, पण टोचलेल्या जागीं गळूं आलें आणि प्रयोग थांबवावा लागला. बारा दिवस कॉलिपनें अर्क शुद्ध करण्यांत घालविले. २३ जानेवारीस पुन्हां टोचलें, आणि या वेळीं साखर झपाट्यानें खालीं आली. मुलाला हुशारी वाटूं लागली. लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षें जगला. बेटांतून निघणारा रस म्हणून या द्रव्याला बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून इन्सुलिन हें नांव मिळालें. १९२३ सालचें नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लिऑड यांना मिळालें. त्यांनीं आपापला वांटा अनुक्रमें बेस्ट व कॉलिप यांच्याबरोबर वांटून घेतला. औषधाचें पेटंट तर बँटिंग, बेस्ट व कॉलिप या तिघांनीं प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या स्वाधीन केलें होतें.

शोधकांची कथा येथें संपते. साक्षीदारांची येथें सुरू होते.

पहिल्या वर्षीं इन्सुलिन फारच थोडें तयार होई. १९२२ च्या वसंत ऋतूंत तर कॉलिपलाही तें पूर्वीसारखें करतां येईना, आणि टोरोंटोंत आशेनें जमलेले कांहीं रोगी औषधाच्या अभावीं दगावले. ज्यांना तें मिळालें त्यांना दररोज टोचून घ्यावें लागे, आणि अर्काचा जोर प्रत्येक खेपेस निराळा असे. आज पुरेशी ठरलेली मात्रा उद्यां जास्त होई. मात्रा जास्त झाली म्हणजे रक्तांतली साखर एकाएकीं घसरते. अंगाला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, पोटांत आग पडल्यासारखी भूक लागते, जीभ बधिर होते, एकाचे दोन दिसूं लागतात, मनुष्य उगाच चिडतो किंवा असंबद्ध बोलतो, आणि वेळींच साखर पोटांत गेली नाहीं तर बेशुद्ध होतो. कुत्र्याला आणि सशाला झटके आलेले शास्त्रज्ञांनीं पाहिले होते. परंतु झटका येण्यापूर्वींचीं तीं पांच-दहा मिनिटें आंतून कशीं असतात, धोक्याची पहिली सूचना कोणती, हें सशाला सांगतां येण्यासारखें नव्हतें. तें माणसांनींच सांगितलें.

असें सांगणाऱ्यांत जो गिलख्रिस्त हें नांव पहिल्या पंक्तींत घ्यावें लागेल. हा बँटिंगचा वर्गबंधु, स्वतः डॉक्टर आणि स्वतः मधुमेही. १९२२ च्या आरंभीं त्याला इन्सुलिन मिळालें, आणि त्यानंतर टोरोंटोंतील ख्रिस्ती स्ट्रीटवरील सैनिकी रुग्णालयांत पहिल्या महायुद्धांतून परतलेल्या मधुमेही सैनिकांवर उपचार करण्याचें काम त्याच्याकडे आलें. अर्काची नवी खेप आली कीं, तो ती आधीं स्वतःला टोचून पाहत असे. ज्या वैद्यानें तो घाम आणि ती थरथर स्वतः अनुभविली होती, त्याच्यापाशीं सैनिकांना कांहीं लपवावेंसें वाटत नसे. मागें सांगितलेला तो पडदा येथें प्रथम दूर झाला.

लहान मुलांची साक्ष आणखी निराळी. टेडी रायडर हा अमेरिकन मुलगा सहा वर्षांचाही नव्हता. त्याचें वजन बारा किलोंच्या आसपास होतें. त्याचा काका डॉक्टर होता. त्यानें बँटिंगपाशीं विनवणी केली, तेव्हां बँटिंगनें सप्टेंबरांत या असें सांगितलें. मुलगा सप्टेंबरापर्यंत जगणार नाहीं, असें काकाचें उत्तर होतें. जुलै १९२२ मध्यें टेडीची आई त्याला घेऊन टोरोंटोस आली. वर्षभरानें टेडीनें बँटिंगला मोठ्या वांकड्यातिकड्या अक्षरांत पत्र धाडलें, आणि आपण आतां लठ्ठ झालों असून झाडावर चढतों, असें त्यांत कळविलें. रक्तांतील साखरेचे आंकडे देऊन डॉक्टरांनीं जो निष्कर्ष काढला असता, तोच या मुलानें झाडाच्या हवाल्यानें सांगितला. टेडी १९९३ पर्यंत, म्हणजे इन्सुलिनवर सत्तर वर्षांहून अधिक काळ, जगला.

पण पहिल्या रोग्यांपैकीं सर्वांत सविस्तर वृत्तान्त लिहिला तो एलिझाबेथ ह्यूज या मुलीनें. तिचे वडील चार्ल्स इव्हान्स ह्यूज हे त्या वेळीं अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते, आणि पुढें तेथील सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ति झाले. १९१९ सालीं, अकराव्या वर्षीं, तिला मधुमेह झाल्याचें निघालें. तिला ॲलनच्या स्वाधीन करण्यांत आलें, आणि तीन वर्षें तिनें तो उपास विलक्षण निष्ठेनें पाळला. वाढत्या वयांतल्या मुलीला रोज दोन हजार कॅलरींहून अधिक अन्न लागतें. तिला कित्येक दिवस आठशेंही मिळत नसत. १९२२ च्या ऑगस्टमध्यें, पंधरावा वाढदिवस दोन-तीन दिवसांवर आला असतां, ती टोरोंटोस पोंचली. पांच फूट उंचीच्या त्या मुलीचें वजन ४५ पौंड, म्हणजे वीस किलो, होतें.

तेथें एका परिचारिकेच्या सोबतीनें राहून तिनें आईला जीं पत्रें लिहिलीं त्यांत तक्रार थोडी व नवल फार आहे. अनेक वर्षांनीं पुन्हां खाल्लेल्या पदार्थांचीं वर्णनें आहेत, आठवड्यागणिक वाढणाऱ्या वजनाचा हिशेब आहे. आणि त्याबरोबरच पहिल्या काळांतलें औषध किती त्रासदायक होतें हेंही आहे. अर्क पातळ असल्यामुळें एका वेळीं मोठी पिचकारीभर टोचावा लागे, आणि ती जागा सुजून ठणके. त्या मुलीला तें दुखणें क्षुल्लक वाटलें, आणि इन्सुलिनच्या थोरवीपुढें शब्द अपुरे पडतात असें तिनें आईला कळविलें. नोव्हेंबरअखेर ती घरीं परतली. पुढें ती पदवीधर झाली, तिनें लग्न केलें, तिला तीन मुलें झालीं, आणि १९८१ सालीं त्र्याहत्तराव्या वर्षीं ती निवर्तली. तेवढ्या आयुष्यांत तिनें सुमारें बेचाळीस हजार वेळां स्वतःला सुई टोचून घेतली असावी असा हिशेब आहे.

याच एलिझाबेथनें आपला रोग जन्मभर लपवून ठेवला. तिच्या बहुतेक स्नेह्यांना त्याची वार्ताही नव्हती. वडिलांच्या कागदपत्रांत आपल्या आजाराचा जेथें जेथें उल्लेख होता, तेथें तेथें तो तिनें काढून टाकविला. तिला दोष देणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. एके काळीं सर्व वर्तमानपत्रें तिला मंत्र्याची मरणोन्मुख कन्या म्हणून ओळखत होतीं. जगणें हातीं आल्यावर तिला रोगी म्हणून जगावयाचें नव्हतें, तर इतरांसारखी एक स्त्री म्हणून जगावयाचें होतें. मधुमेह्याला नोकरी मिळणें, आयुष्याचा विमा उतरणें, लग्न जमणें या तिन्ही ठिकाणीं अडथळे होते, आणि मौनाला आधार देणारीं अशीं कारणें समाजानेंच पुरविलीं होतीं. तथापि त्या मौनाची किंमत कोणीतरी भरीत होतें. सुई कशी उकळावी, बोथट झाली तर दगडावर धार कशी लावावी, लघवी औषधी पाण्यांत उकळल्यावर निळा रंग राहिला तर ठीक आणि विटेसारखा तांबडा आला तर साखर फार, प्रवासाला निघतांना खिशांत काय ठेवावें, या साऱ्या गोष्टी प्रत्येक नव्या रोग्याला एकट्यानें, कधीं कधीं जिवावरच्या चुका करून, शिकाव्या लागत होत्या.

या एकटेपणावर ज्यानें उपाय काढला तो रॉबिन लॉरेन्स हाही डॉक्टर आणि मधुमेही असा दुहेरी मनुष्य होता. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथें जन्मलेला हा तरुण लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांत शस्त्रवैद्य होता. एकदां मृतदेहाच्या हाडावर छिन्नीनें काम करतांना हाडाची कपची त्याच्या डोळ्यांत उडाली. डोळा चिघळला, आणि त्या निमित्तानें तपासणी झाली तेव्हां मधुमेह निघाला. आपण फार दिवस जगत नाहीं हें ओळखून, घरच्यांच्या डोळ्यांसमोर मरण येऊं नये म्हणून, तो इटलींतील फ्लॉरेन्सला गेला आणि तेथें वैद्यकी करीत मृत्यूची वाट पाहूं लागला. १९२३ च्या मे महिन्यांत लंडनहून त्याच्या हॅरिसन या सहकाऱ्याची तार आली. इन्सुलिन हातीं आलें असून तें गुण देतें, तेव्हां त्वरित परत यावें, असा तिचा मजकूर होता. लॉरेन्सच्या पायांत मधुमेहानें बळ उरलें नव्हतें. तशा स्थितींत तो मोटार हांकीत युरोप ओलांडून लंडनला आला, आणि महिनाअखेरीस त्याला पहिलें इंजेक्शन मिळालें.

वांचल्यावर त्यानें शस्त्रक्रिया सोडून मधुमेहालाच वाहून घेतलें. १९२५ सालीं त्यानें 'द डायबेटिक लाइफ' हें पुस्तक लिहिलें. इन्सुलिन किती घ्यावें आणि जेवणाशीं त्याचा मेळ कसा घालावा हें त्यानें डॉक्टरांइतकेंच रोग्यांनाही उद्देशून सांगितलें. त्यांतलें बरेचसें ज्ञान त्याच्या स्वतःच्या शरीरावर पारखलेलें होतें. त्याच्याकडे येणाऱ्यांत एच्. जी. वेल्स हा विख्यात ग्रंथकार होता; त्यालाही उतारवयांत मधुमेह जडला होता. त्या दोघांनीं १९३४ सालीं लंडनमध्यें डायबेटिक असोसिएशन या संस्थेची स्थापना केली. वेल्सनें 'टाइम्स' पत्रांत पत्र लिहून श्रीमंत-गरीब सर्व मधुमेह्यांना परस्पर-साहाय्यासाठीं एकत्र येण्याचें आवाहन केलें, आणि तो संस्थेचा पहिला अध्यक्ष झाला. १९३५ पासून संस्थेचें नियतकालिक निघूं लागलें.

रोग्यांना मदत करणाऱ्या संस्था जगांत पूर्वीही होत्या. पोर्तुगालमध्यें लिस्बन येथें डॉक्टर एर्नेस्तो रोमा यांनीं १९२६ सालींच गरीब मधुमेह्यांसाठीं संस्था काढली होती. ज्याला पैसे नाहींत त्याला इन्सुलिन असूनही नसल्यासारखेंच आहे, हें त्यांनीं ओळखलें होतें. लंडनच्या संस्थेचा विशेष असा कीं, तेथें उपकारकर्ता एका बाजूला आणि उपकृत दुसऱ्या बाजूला अशी विभागणी नव्हती. अध्यक्षही रोगी, मुख्य डॉक्टरही रोगी, आणि सभासदही रोगी. एकानें सांगावें आणि दुसऱ्यानें ताडून पाहावें. एकाला मानवलेली मात्रा दुसऱ्याला घातक होऊं शकते, म्हणून नुसत्या ऐकीव अनुभवावर कोणी औषध बदलूं नये, हें सांगावयास लॉरेन्ससारखा वैद्य तेथेंच हजर असे. ब्राउन-सेकारच्या साक्षींत जी उणीव होती ती अशी भरून निघाली. १९५० मध्यें अनेक देशांच्या अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, तेव्हां त्याचें पहिलें अध्यक्षपद लॉरेन्सकडेच गेलें. आज ब्रिटनमधील ती जुनी संस्था डायबेटिस यूके या नांवानें काम करीत आहे.

रोग्यांच्या पुढाकारानें औषध दूरवर पोंचल्याचीं उदाहरणेंही याच इतिहासांत आहेत. डेन्मार्कमधील नोबेल-विजेते ऑगस्ट क्रोग १९२२ च्या अखेरीस अमेरिकेस गेले, तेव्हां त्यांच्या पत्नी मारी क्रोग बरोबर होत्या. त्या स्वतः डॉक्टर, संशोधक, आणि मधुमेही. त्यांच्याच आग्रहानें क्रोग टोरोंटोस जाऊन इन्सुलिन तयार करण्याची परवानगी घेऊन आले, आणि १९२३ मध्यें डेन्मार्कमधील रोग्यांना तें मिळूं लागलें. त्याच उद्योगांतील हागेडोर्न या शास्त्रज्ञानें १९३६ सालीं सावकाश व दीर्घकाळ काम करणारें इन्सुलिन बनविलें, आणि रोग्यांचें दिवसांतून अनेकदां टोचणें कमी झालें.

याहूनही विलक्षण हकीकत शांघायची आहे. प्राग येथील एव्हा साक्सल ही ज्यू तरुणी नाझींच्या भयानें पतीसह चीनमध्यें आश्रयाला आली होती. तेथें तिला मधुमेह झाल्याचें कळलें. १९४१ च्या डिसेंबरांत जपान युद्धांत उतरलें, आणि शांघायमधील इन्सुलिनचा पुरवठा आटला. काळ्या बाजारांतलें औषध घेतल्यानें तिच्या ओळखीची एक मधुमेही व्यक्ति मरण पावली, तेव्हां त्या मार्गाचाही तिनें त्याग केला. ती डॉक्टर नव्हती, तिचा पति व्हिक्टर हाही नव्हता; तो कापडाच्या धंद्यांतला मनुष्य होता. दोघांनीं वैद्यकाचें एक पाठ्यपुस्तक मिळविलें, त्यांत अर्क काढण्याची कृति होती, आणि एका चिनी शास्त्रज्ञानें त्यांना प्रयोगशाळेचा कोपरा वापरूं दिला. म्हशींच्या स्वादुपिंडांपासून त्यांनीं तपकिरी रंगाचें इन्सुलिन काढलें, तें सशांवर पारखलें, आणि मग एव्हानें प्रथम स्वतःला टोचून घेतलें. तें साधल्यावर शहरांतील इतर शेंकडों मधुमेह्यांनाही तें मिळूं लागलें. युद्ध संपल्यावर ती अमेरिकेंत गेली, आणि पुढें अनेक वर्षें मधुमेह्यांच्या सभांतून आपला अनुभव सांगत फिरली. २००२ मध्यें ती निवर्तली.

महाराष्ट्रांत या रोगाला घरोघर नुसतें 'साखर' म्हणतात. अमक्याला साखर आहे, एवढ्यानेंच काय तें समजतें. येथेंही मुंबईस १९५५ सालीं डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली, आणि माहीम येथील रहेजा रुग्णालयामागें तिचीच प्रेरणा आहे. परंतु येथल्या रोग्यांपुढचे प्रश्न टोरोंटोच्या किंवा लंडनच्या पुस्तकांत सांपडत नाहींत. पंगतींत आग्रहाची जिलबी कशी नाकारावी, हातावर ठेवलेल्या प्रसादाचें काय करावें, एकादशीच्या दिवशीं इन्सुलिन किती घ्यावें, चतुर्थीला चंद्रोदय लांबला तर काय, याचीं उत्तरें त्याच वाटेनें गेलेला दुसरा रोगी आणि ती वाट जाणणारा डॉक्टर हेच मिळून देऊं शकतात. आणि एलिझाबेथला ज्या भयानें गप्प केलें तें येथेंही अपरिचित नाहीं. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असली म्हणजे तिची सुई कपाटांत मागें दडविली जाते, आणि सासरीं गेल्यावर ती चोरून टोचण्याची पाळी येते. तिला चक्कर आली तर साखर द्यावी हें घरांत कोणालाच ठाऊक नसतें. अशा वेळीं मौन हें लाजेचें रक्षण करतें, पण जिवाचें करीत नाहीं.

१९२२ पासून औषध पुष्कळ सुधारलें. जनावरांच्या स्वादुपिंडांवर अवलंबून राहण्याची गरज १९८२ पासून उरली नाहीं. जीवाणूंकडून तयार करविलेलें मानवी इन्सुलिन तेव्हां बाजारांत आलें. सुया बारीक झाल्या, साखर मोजण्याचीं यंत्रें घरांत आलीं. तरीही इन्सुलिन मधुमेह बरा करीत नाहीं, हें पहिल्या दिवसाइतकेंच आजही खरें आहे. ज्यांच्या शरीरांत तें मुळींच तयार होत नाहीं त्यांना तें रोज, न चुकतां, जन्मभर घ्यावें लागतें. आणि जगांत पुष्कळ ठिकाणीं तें अजूनही गरिबाच्या आवांक्यांत नाहीं. लिस्बनच्या डॉक्टर रोमांनीं ज्याच्यासाठीं धडपड केली तो मनुष्य आजही औषधाच्या दुकानाबाहेर उभा आहे.

एलिझाबेथ ह्यूजनें टोरोंटोहून आईला लिहिलेलीं पत्रें मात्र नष्ट झालीं नाहींत. जिनें वडिलांच्या दप्तरांतून आपला रोग पुसून काढला, तिच्याच हातचीं तीं पत्रें आज टोरोंटो विद्यापीठाच्या ग्रंथसंग्रहांत, बँटिंग व बेस्ट यांच्या कागदपत्रांशेजारीं, जतन करून ठेवलेलीं आहेत. इन्सुलिनच्या पहिल्या वर्षाचा इतिहास लिहावयाचा तर प्रयोगशाळेच्या वह्यांइतकाच त्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या पत्रांचाही आधार घ्यावा लागतो.